कोणापासून, कोणाला, कशात? : घरांच्या संशोधनातील तीन विशेषणांची चिकित्सा

१

ग्रामीण घरांच्या प्रश्नावर अलीकडे जे संशोधनपर लेखन होत आहे, त्यात तीन विशेषणे सतत भेटतात. घर ‘सुरक्षित’ हवे, ते ‘परवडणारे’ हवे, आणि त्याविषयीचे संशोधन ‘सहभागी’ हवे. ह्या तिन्ही अपेक्षांशी कोणाचा मतभेद असण्याचे कारण नाही. आणि नेमक्या ह्याच कारणामुळे त्या शब्दांची चिकित्सा करण्याची गरज उत्पन्न होते. ज्या शब्दाशी कोणाचाच मतभेद होत नाही, त्याचा अर्थ बहुधा कोणी निश्चित केलेला नसतो.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहिल्यास ह्या तिन्ही विशेषणांत एक साम्य आढळते. प्रत्येकाच्या पोटी एक क्रिया आहे, आणि विशेषण बनताना त्या क्रियेला आवश्यक असलेला एक संबंध गळून पडला आहे. ‘सुरक्षित’ ह्या शब्दाच्या मुळाशी रक्षण करण्याची क्रिया आहे. भय आणि रक्षण ह्या अर्थांच्या धातूंच्या योगात भयाचे जे कारण ते अपादान होय, असे पाणिनीने सांगितले आहे. म्हणजे रक्षण नेहमी कशापासून तरी करावयाचे असते. ‘परवडणे’ हे क्रियापद ‘आवडणे’ ह्याच्या जातीचे आहे. ‘घर परवडते’ एवढे म्हटल्याने वाक्य पुरे होत नाही. ‘मला’, ‘त्याला’, ‘त्यांना’ असे चतुर्थीचे रूप आल्यावाचून ते उभे राहत नाही. ‘सहभागी’ ह्या शब्दात वाटा घेण्याची कल्पना आहे, आणि वाटा हा कशात तरी असावा लागतो. बोलताना हे संबंध आपण सहसा गाळत नाही. परंतु क्रियेचे विशेषण झाले, विशेषणाचे योजनेच्या नावात रूपांतर झाले, म्हणजे ‘कोणापासून’, ‘कोणाला’ आणि ‘कशात’ हे तीन प्रश्न कागदावरून नाहीसे होतात.

हे प्रश्न केवळ व्याकरणाचे असते, तर त्यांची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव आणि जुन्नर ह्या दोन तालुक्यांतील अनुभव असे दाखवितो की, गळून पडलेल्या ह्या संबंधांची किंमत माणसांना प्राणांनिशी द्यावी लागते.

२

प्रथम ‘सुरक्षित’ ह्या शब्दाचा विचार करू. घरांच्या सर्वेक्षणांत सुरक्षिततेचे काम प्रत्यक्षात ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ ह्या शब्दजोडीवर सोपविलेले असते. ‘पक्का’ हा शब्द संस्कृत ‘पक्व’ ह्यापासून आला. पिकलेले, शिजलेले, पूर्णत्वास गेलेले ते पक्के. मराठीत ह्या जोडीचा विस्तार पुष्कळ झाला आहे. कच्चा खर्डा आणि पक्की प्रत, कच्चा रस्ता आणि पक्का रस्ता, कच्चे मडके आणि पक्के मडके, असे कितीतरी प्रयोग आपण करतो. ह्या सर्वांत कच्चे हे पक्क्याची अलीकडची, अपुरी अवस्था आहे असे गृहीत असते. म्हणून ‘तुमचे घर कच्चे आहे काय?’ हा प्रश्न दिसतो तितका तटस्थ नाही. आपल्या पूर्वजांनी ज्या घरात जन्म काढला, ते घर अपुरे होते अशी कबुली तो उत्तर देणाऱ्याकडून अगोदरच घेऊन टाकतो.

शासकीय परिभाषेत ह्या जोडीला निश्चित अर्थ देण्याचा प्रयत्न झालेला आहे. जनगणनेत भिंत आणि छप्पर ह्यांच्या साहित्यावरून घरांचे स्थायी, अर्धस्थायी व अस्थायी असे वर्ग पाडले जातात. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सर्वसाधारण झीज आणि हवामान ह्यांना तोंड देऊन, वाजवी देखभालीनिशी, निदान तीस वर्षे टिकणारे घर ते पक्के, असा अर्थ दिलेला आहे. ही व्याख्या काळजीपूर्वक केलेली आहे ह्यात शंका नाही. तथापि ती घराविषयी बोलते. घर ज्या जमिनीवर उभे आहे त्या जमिनीविषयी ती काही विचारीत नाही.

आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव भीमाशंकरच्या परिसरात, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, गावावरील डोंगराचा उतार खाली आला आणि गावाचा मोठा भाग काही क्षणांत गाडला गेला. शासकीय गणनेनुसार १५१ माणसे मृत्यू पावली. नित्याप्रमाणे गावाकडे आलेल्या एस. टी. च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याच्याकडून ही वार्ता बाहेर कळली. त्या दिवशी गाडल्या गेलेल्या घरांत कोणत्या भिंती विटांच्या आणि कोणत्या कुडाच्या होत्या, ह्यावरून निकालात फरक पडण्याचा संभवच नव्हता. सर्वेक्षणातील ‘कच्चे–पक्के’ हा रकाना त्या गावाच्या बाबतीत कितीही अचूक भरलेला असता, तरी त्याने गावाला भेडसावणाऱ्या खऱ्या भयाविषयी एक अक्षरही सांगितले नसते. कारण अपादान भिंतीत नव्हते. ते डोंगरात आणि पाण्यात होते.

त्या भयाला दिलेल्या नावांतही असाच घोटाळा आहे. वृत्तपत्रांनी ‘दरड कोसळली’ असे लिहिले, शासकीय अहवालांत ‘भूस्खलन’ हा शब्द आला, तर लोकांच्या तोंडी ‘डोंगर आला’ असा प्रयोग ऐकू येत असे. दरड म्हणजे तुटलेला कडा; ती कोसळते तेव्हा खडक सुटतो. माळीण येथे जे घडले त्यात पाण्याने भिजून जड झालेली माती, दगड आणि झाडे ह्यांचा लोंढा उतारावरून वाहत आला. दोहोंची पूर्वचिन्हे निराळी असतात. खडक सुटण्यापूर्वी कड्याला भेगा दिसतात. मातीचा उतार सुटण्यापूर्वी जमिनीला चिरा पडतात, झाडे कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा नव्या जागी फुटते. ‘भूस्खलन’ हा शब्द ह्या सर्वांना एकत्र झाकतो. शास्त्रीय वर्गीकरणाला असा व्यापक शब्द लागतो हे मान्य केले, तरी ज्याला रात्री घर सोडून बाहेर पडावयाचे की नाही हे ठरवावयाचे आहे, त्याला व्यापक शब्दाचा उपयोग नाही. त्याला चिन्हाचे नाव हवे असते.

माळीणचे पुनर्वसन जवळच आमडे येथे करण्यात आले. वाचलेली कुटुंबे सुमारे अडीच वर्षे पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिली. (जनगणनेच्या वर्गीकरणात पत्रा हे स्थायी साहित्य ठरते, ही गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे.) २ एप्रिल २०१७ रोजी नव्या गावाचे लोकार्पण झाले. घरे सिमेंट-काँक्रीटची होती. कोणत्याही व्याख्येने ती पक्कीच ठरली असती. परंतु त्याच वर्षीच्या जून महिन्यात पहिल्या मोठ्या पावसात नव्या वसाहतीतील रस्ते खचले, बांधकामाला ठिकठिकाणी तडे गेले, आणि काही कुटुंबांनी पुन्हा पत्र्याच्या निवाऱ्याचा आश्रय घेतला. पुढे दुरुस्त्या झाल्या. नव्या वसाहतीमागे शासनाची तळमळ नव्हती किंवा तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही प्रश्न उरतोच. एकदा डोंगर अंगावर आलेल्या माणसाच्या मनात ‘सुरक्षित’ ह्या शब्दाचे जे अपादान आहे, ते पुरे झाले की नाही हे कोणी आणि कसे ठरवावयाचे? तडा किती रुंद झाला म्हणजे धोका, ह्याचे उत्तर अभियंता देईल. पण तो तडा पाहून ज्याला झोप लागत नाही, त्याची भीतीही संशोधनाच्या दृष्टीने एक सामग्री आहे; तिला गैरसमज म्हणून बाजूस सारता येणार नाही. २०२१ साली महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ साली खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे हीच शोकांतिका पुन्हा घडली, हे लक्षात घेता हा प्रश्न एका गावापुरता राहिलेला नाही.

ह्याच दोन तालुक्यांच्या पूर्व भागात आल्यास अपादान बदलते. मंचर, नारायणगाव, ओतूर हा बागायती आणि उसाचा प्रदेश आहे. उसाच्या फडात बिबट्याला आसरा मिळतो, आणि येथील माणसाला ‘सुरक्षित घर’ म्हटले की दार, उजेड, गोठ्याची भिंत आणि शौचालयापर्यंतची वाट आठवते. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ ह्या काळात माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले होते. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याच्या उपायाचाच ह्या वाढीशी संबंध असावा, असा निष्कर्ष विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी ह्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडला. सुरक्षिततेचा उपाय स्वतःच भयाचे कारण होऊ शकतो, ह्याचे हे उदाहरण मोठे बोधप्रद आहे. पश्चिमेकडे डोंगर, पूर्वेकडे श्वापद, आणि दोहोंच्या मध्ये धरण! घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात ज्यांची गावे बुडाली, त्यांना घर हिरावणारी वस्तू कोणती असे विचारल्यास ते पावसाचेही नाव घेणार नाहीत आणि बिबट्याचेही. तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले ते जुने आंबेगावच ह्या पाण्याखाली आहे. अशा प्रदेशात ‘सुरक्षित घरांचे प्रमाण’ एका आकड्याने सांगणे म्हणजे तीन निरनिराळ्या वाक्यांची बेरीज करणे होय.

३

आता ‘परवडणारे’ ह्या विशेषणाकडे वळू. ‘कोणाला?’ हा प्रश्न गळून पडल्यामुळे परवडणे हा घराचा अंगभूत गुण आहे असा भास होतो, आणि तो गुण रुपयांत मोजता येतो असे मानले जाते. वर उल्लेखिलेल्या योजनेत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ वा दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये साहाय्य, तसेच किमान २५ चौरस मीटर क्षेत्र, असे प्रमाण २०१६ साली ठरविण्यात आले. डोंगरासाठी अधिक रक्कम धरली ह्यात विवेक आहे. परंतु घाटमाथ्याच्या वाडीवर वाळू, खडी आणि सिमेंट पोहोचविण्याचा खर्च ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ‘कोणाला’ ह्या प्रश्नाबरोबरच ‘कोठे’ हा प्रश्नही विचारावासा वाटेल.

महादेव कोळी समाजाचे जुने घर लाकडाच्या मेढी, वासे, आणि कारवीच्या कुडावर शेणामातीचा लेप ह्यांनी उभे राहत असे. ह्या घराला रोख पैसा थोडा लागे. श्रम आणि जंगल मात्र भरपूर लागे. दर वर्षी लिंपण, दर काही वर्षांनी कूड बदलणे, पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारणे, ही कामे घरच्या माणसांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून करावयाची असत. म्हणजे हे घर ‘परवडत’ होते ते जंगलावरील वहिवाटीमुळे. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले आणि त्या वहिवाटीवर बंधने आली. घराची किंमत वाढली ती बाजारात नव्हे. ती वाढली कारवी तोडण्याच्या हक्कात. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा विषय पुन्हा चर्चेत आणला. तथापि घरांच्या अभ्यासात वनहक्काचा आणि वनहक्काच्या अभ्यासात घरांचा उल्लेख क्वचितच सापडतो. ‘परवडणारे’ ह्या शब्दाला चतुर्थीची जोड दिली असती, तर हे दोन अभ्यास एकमेकांपासून इतके दूर राहिले नसते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. कुडाच्या घराची थोरवी नगरातील विद्वानांना वाटते. त्या घरात राहणाऱ्यांना स्लॅबचे घर हवे असते. हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. लिंपणाचे श्रम मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येतात, आणि त्या श्रमांतून सुटका व्हावी ही इच्छा अडाणीपणाची नाही. पण ह्या आक्षेपाने मूळ मुद्दा अधिकच दृढ होतो. जुने घर ‘परवडत’ होते असे म्हणताना ते घरातील कोणाला परवडत होते, हेही विचारले पाहिजे. एकाच घरातील पुरुषाच्या आणि स्त्रीच्या तोंडी ‘परवडणे’ ह्या क्रियापदाचा हिशेब निराळा निघू शकतो. आणि ‘कुटुंबप्रमुख’ एवढ्याच रकान्यावर थांबणारी प्रश्नावली हा भेद टिपू शकत नाही.

४

तिसरे विशेषण ‘सहभागी’. पहिल्या दोहोंत गळालेले संबंध भरून काढण्याचे साधन म्हणून हे विशेषण पुढे आले असल्याने त्याची परीक्षा अधिक कठोरपणे केली पाहिजे. लोकांचा सहभाग नेमका कशात? उत्तरे देण्यात, की प्रश्न ठरविण्यात? नकाशा काढण्यात, की तो नकाशा वाचण्यात? निष्कर्षात, की केवळ छायाचित्रात?

डॉ. गो. स. घुर्ये ह्यांचा महादेव कोळ्यांवरील ग्रंथ १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे संशोधक एका बाजूस, संशोधनाचा विषय झालेला समाज दुसऱ्या बाजूस, आणि ग्रंथ तिसऱ्याच वाचकांसाठी, अशी ती रचना होती. तीत लपवाछपवी नव्हती. आजच्या पुष्कळशा ‘सहभागी’ अहवालांत रचना तीच राहते आणि शब्द मात्र बदलतो. अहवालाच्या आरंभी लोकांना ‘सहभागी’ म्हटले जाते, आणि मध्यावर पोहोचेपर्यंत ते ‘लाभार्थी’ झालेले असतात. विद्येची इच्छा करणारा तो विद्यार्थी, तसा लाभाची इच्छा करणारा तो लाभार्थी. ज्याला केवळ लाभ हवा आहे असे आपण मानतो, त्याच्याजवळ ज्ञान असेल असे आपल्या मनात येत नाही. हा ह्या शब्दाचा मोठा दोष होय.

निराळी रीत महाराष्ट्रात अज्ञात आहे असे नाही. १९८५ साली मुंबईत ‘स्पार्क’ ह्या संस्थेने पदपथावर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना त्या लोकांच्याच साहाय्याने केली, आणि ‘वुई, द इनव्हिजिबल’ ह्या नावाचा अहवाल सिद्ध झाला. पदपथवासी म्हणजे नुकतेच आलेले उपरे, हा समज त्या गणनेने खोडून काढला. ही माणसे त्याच जागी वर्षानुवर्षे राहत होती. त्यांची नोंद करणारा रकाना तेवढा नव्हता. पुण्यातील हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी ग्रामीण कार्यकर्त्या स्त्रियांच्या सहकार्याने जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन केले, त्यातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. तेथे स्त्रियांचा सहभाग शब्दांत होता: कोणती ओवी कोणत्या विषयाची, हे ठरविताना गाणारीचा अर्थ डावलता येत नव्हता.

आंबेगावातील ‘पडकई’ ह्या शब्दाची गोष्ट ह्या संदर्भात सांगण्याजोगी आहे. उतारावर दगडमातीचे बांध घालून, एकमेकांच्या श्रमाच्या आधाराने भातखाचरे तयार करण्याची जी रीत, तिला त्या भागात पडकई म्हणतात. मंचर येथील ‘शाश्वत’ ह्या संस्थेने धरणग्रस्त आदिवासींमध्ये जे काम केले, त्यात ह्या रीतीला स्थान होते. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक ह्या संस्थेला मिळाले. माळीणच्या दुर्घटनेनंतर मात्र उतारावरील सपाटीकरण हे एक कारण म्हणून चर्चेत आले, आणि ‘पडकई’ हा शब्द एकाएकी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. हातांनी, वर्षानुवर्षे, पाण्याची वाट राखून घातलेला बांध आणि यंत्राने काही तासांत कापलेला उतार, ह्या दोन क्रिया एकाच नावाखाली मोजल्या गेल्या. त्यांपैकी कोणत्या क्रियेचा दुर्घटनेशी किती संबंध होता, हे भूशास्त्राने ठरवावयाचे आहे. परंतु दोन क्रिया दोन आहेत, हे सांगण्याचे सामर्थ्य हा शब्द रोज वापरणाऱ्यांजवळ आहे. आणि तो भेद प्रथम हाती आल्यावाचून भूशास्त्रालाही नेमका प्रश्न विचारता येणार नाही.

ह्यावरून स्थानिक ज्ञान सर्वज्ञ आहे असा अर्थ काढणे चूक ठरेल. माळीणची माणसे त्याच डोंगराखाली पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, आणि तरीही ती सकाळ त्यांना कळली नाही. जे संकट एका गावावर शतकातून एखादे वेळी येते, त्याचा अनुभव त्या गावाच्या भाषेत साठत नाही. तो अनेक गावांच्या तुलनेतूनच मिळतो, आणि तुलना हे शास्त्राचे काम आहे. उलट, कोणत्या घरामागे यंदा पाणी नव्या जागी फुटले, हे शास्त्राला दुरून कळत नाही. दोहोंचा संयोग व्हावयाचा तर दोघांना समजेल अशी भाषा असावी लागते. सहभागाची खरी जागा ही भाषा घडविण्यात आहे.

आणखी एक कसोटी ‘सर्वसमावेशक’ ह्या शब्दाची. संशोधन ग्रामसभेपर्यंत पोहोचले म्हणजे ते सर्वांपर्यंत पोहोचले, असे समजण्याचा प्रघात आहे. पण ह्याच तालुक्यांत ठाकर आणि कातकरी वस्त्या गावठाणाच्या बाहेर असतात, आणि त्यांचा आवाज ग्रामसभेत पोहोचेलच असे नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगार येतात आणि फडाजवळ कोप्यांत राहतात. बिबट्याच्या भयाला सर्वांत अधिक उघडी असलेली वस्ती कोणती असेल तर ती ही. परंतु ती ज्या गावाच्या हद्दीत असते, तेथील यादीत तिची गणना होत नाही. आणि स्वतःच्या गावच्या यादीत त्या कुटुंबाचे घर वेगळेच असते. ‘कोपी’ हा शब्द घरांच्या सर्वेक्षणात कोणत्या रकान्यात घालावयाचा, हे ठरलेले नाही. ज्या वस्तूला रकाना नाही, तिच्यातील माणसाला सहभागाचे आमंत्रण जात नाही.

५

ह्या विवेचनातून विद्यापीठीय विभागांपुढे काही स्पष्ट कर्तव्ये उभी राहतात. पहिले, आहुपे खोऱ्यापासून नाणेघाटापर्यंतच्या पट्ट्यात जमीन, उतार, पाणी, भेग, बांध आणि घराचे भाग ह्यांसाठी जे शब्द आज बोलीत वापरले जातात, त्यांचा सार्थ संग्रह करणे. स्लॅबच्या घराबरोबर मेढ, कूड, वळचण हे शब्द मागे पडत आहेत, ह्याची खंत करीत बसण्याची आवश्यकता नाही. परंतु उताराची आणि पाण्याची नावे मागे पडली, तर त्यांच्याबरोबर धोक्याची चिन्हे ओळखण्याची दृष्टीही मागे पडेल. दुसरे, हा संग्रह भूशास्त्राच्या आणि स्थापत्याच्या अभ्यासकांसमोर ठेवून कोणता शब्द कोणत्या घटनेचा निदर्शक आहे, हे शिवारात उभे राहून, शब्द वापरणाऱ्यांच्या समक्ष ठरविणे. तिसरे, प्रश्नावलीचा खर्डा वाडीवर वाचून दाखविल्यावाचून आणि अहवाल मराठीत परत नेऊन त्यावर लोकांनी घेतलेल्या हरकती नोंदविल्यावाचून कोणत्याही प्रबंधास ‘सहभागी’ हे विशेषण लावू न देणे.

ह्या तीन गोष्टींना मोठे अनुदान लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि पदवीच्या मुदतीत तो बसविणे सोपे नाही, हेही खरे. परंतु ज्या प्रदेशात एक गाव सकाळी होते आणि दुपारी नव्हते, त्या प्रदेशाविषयी लिहिताना तरी ‘सुरक्षित’ ह्या शब्दापुढे ‘कशापासून’ हा प्रश्न कोरा सोडण्याचा अधिकार अभ्यासकाला राहत नाही. तो रकाना भरावयाचा आहे, आणि तो भरण्यासाठी लागणारे शब्द विद्यापीठाच्या कोशात नसून वाडीवरच्या बोलण्यात आहेत.